विमानाच्या मॉडेलवर खऱ्या पत्र्याची झिलई: लॅकर, फॉइल आणि बाकीच्या खटपटी

पत्रेवाला

उघड्या ॲल्युमिनियमच्या विमानांबद्दल तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकत्र लिहून ठेवतोय. हा भाग लॅकर जातीच्या (जहाल, झपाट्याने उडणाऱ्या थिनरच्या) रंगांचा, म्हणजे अल्क्लॅड टू आणि मिस्टर कलर सुपर मेटॅलिक यांचा. फॉइलवाल्यांनी खाली भर घालावी.

निम्मं काम रंगाची बाटली उघडण्याआधीच होतं किंवा बिघडतं. हिरव्या-करड्या कॅमोफ्लाजखाली ४०० नंबरच्या पॉलिश पेपरचा ओरखडा सहज झाकला जातो. चंदेरीखाली तोच ओरखडा दुप्पट मोठा दिसतो. या रंगातले ॲल्युमिनियमचे पापुद्रे इतके पातळ असतात की खालच्या पृष्ठभागावर जे काही असेल त्याचा ते हुबेहूब ठसा घेतात. त्यामुळे "रंग दिला की झाकलं जाईल" हे इथे विसरायचं.

सांधे बुजवायला पुट्टी वापरू नका. पुट्टी सच्छिद्र असते, लॅकर पिते, आणि दोन दिवसांनी सांध्याच्या जागी फिकट रेघ उमटते. त्याऐवजी झटपट चिकटणारा सायनो ग्लू भरा आणि तासाभराच्या आत घासून घ्या. रात्रभर ठेवलात तर तो प्लास्टिकपेक्षा कडक होतो. मग घासताना दोन्ही बाजूंचं प्लास्टिक झिजतं आणि मधे ग्लूचा उंचवटा तसाच राहतो.

घासायचा क्रम ६००, १०००, १५००, २०००, सगळं पाण्यात. प्रत्येक नंबरला घासायची दिशा आधीच्या दिशेला आडवी ठेवा. म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते लगेच कळतं. उभे ओरखडे दिसताहेत तोवर पुढचा नंबर हातात घ्यायचा नाही. त्यानंतर मायक्रोमेश (घासायचं अतिशय बारीक कापड) ४००० ते ८०००. बुजलेल्या पॅनल लाइन (पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या कोरीव रेषा) याच वेळी पुन्हा कोरायच्या. कोरताना कडेला उठलेली बारीक किनार २००० ने एकदा पुसून घ्या, नाहीतर प्रत्येक लाइनला पांढरी कड दिसेल. मग भांड्यांच्या साबणाने धुवा, वाळवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. यापुढे हातमोज्याशिवाय मॉडेलला हात नाही.

आता काळा बेस. चकचकीत काळाच हवा. टॅमिया एक्स-१ किंवा एलपी-१, एक भाग रंगाला दीड भाग मिस्टर कलर लेव्हलिंग थिनर, एअरब्रशने (हवेच्या दाबावर रंग फवारणारं पेन), दाब १५ पीएसआय. आधी दोन हात कोरडे, नुसते धुक्यासारखे. मग एक ओला हात, ज्यात पृष्ठभाग ओल्या काचेसारखा दिसेल आणि ओघळायच्या बेतात थांबलेला असेल. लॅकर असेल तर २४ तास थांबा. इनॅमलचा काळा दिला असेल तर चार दिवस. वाळला की नाही ते नाकाला विचारा: जवळ नेऊन थिनरचा वास येतोय तोवर वाळलेला नाही. दिव्याखाली धरून प्रतिबिंबाच्या कडा बघा. कड फाटकी दिसली तर ४००० ने हलकं घासून आणखी एक ओला हात द्या.

चंदेरी रंगात थिनर घालायचा नाही, तो बाटलीतूनच पातळ येतो. बाटली मिनिटभर हलवा, पापुद्रे तळाशी बसलेले असतात. एअरब्रशला ०.२ किंवा ०.३ मिलिमीटरची सुई, १२ ते १५ पीएसआय, अंतर ५ ते ७ सेंटिमीटर. हात सतत फिरता हवा. पहिल्या हाताला काळ्यावर राख भुरभुरल्यासारखं दिसेल, घाबरू नका. दोन-तीन मिनिटांच्या अंतराने असे तीन-चार हात. काळेपणा गेला आणि प्रतिबिंब अजून शाबूत आहे, तिथे थांबायचं. "अजून एक हात मारू" हा मोह सगळ्यात महाग पडतो. त्या एका हाताने झिलई जाऊन नुसता करडा चंदेरी रंग उरतो.

अर्धाचमचा

उत्तम धागा. एक शंका. कृती हीच, काळाही चकचकीत, तरी चंदेरी दाणेदार आणि मळकट येतो. पंखाच्या मुळाशी जास्तच. रंग खराब असू शकतो का?

पत्रेवाला

रंग क्वचितच खराब असतो. पंखाच्या मुळाशी जास्त, हे वाचूनच कारण कळलं. त्या कोपऱ्यात हवा आदळून परत फिरते, पापुद्रे हवेतच वाळतात आणि भुकटी होऊन बसतात. कोपऱ्यांसाठी दाब १० पीएसआयवर आणा आणि कोपरा सगळ्यात आधी मारा. सपाट भाग नंतर. उलट केलंत तर सपाट भागावर मारलेल्या चांगल्या थरावर कोपऱ्यातली भुकटी येऊन पडते.

बाकी सगळीकडेच दाणे असतील तर अंतर मोजा. बहुतेक जण नकळत १२-१५ सेंटिमीटरवरून मारतात. लॅकरचा थिनर इतका झपाट्याने उडतो की तेवढ्या प्रवासात थेंब कोरडा होतो. पापुद्रा ओल्या थेंबातून उतरला तर आडवा पडतो आणि आरशासारखं काम करतो. कोरडा उतरला तर कसाही, उभा-तिरपा पडतो आणि प्रकाश चारी दिशांना विखुरतो. करडेपणा म्हणतात तो हाच.

आणि मॉडेलवर प्रयोग करू नका. प्लास्टिकच्या चमच्यांच्या पाठीवर करा. चमच्याची पाठ आणि विमानाचं नाक, दोन्हींचा बाक सारखाच. सहा चमचे घेऊन सहा अंतरं किंवा सहा दाब तपासा आणि मागे पेनाने लिहून ठेवा.

निळाधूर

यात एक भर. उलट चूकही होते. फार जवळून, फार ओलं मारलं तर पापुद्रे थराच्या आत तरंगत राहतात, गटागटाने गोळा होतात आणि ढगाळ डाग दिसतात. शिवाय तो जहाल थिनर खालच्या काळ्याला, आणि बेस पातळ असेल तर थेट प्लास्टिकला खातो. पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसल्या तर हेच झालंय असं समजा. त्यावर वरून काही उपाय नाही. भेगा प्लास्टिकमध्येच गेलेल्या असतात, घासून तळापर्यंत जावं लागतं.

पुढच्या कडा, पॅनल लाइनच्या धारा आणि नुकतीच घासलेली जागा इथे काळा थर सगळ्यात पातळ असतो. भेगा तिथूनच सुरू होतात.

रिव्हेटमोजणी

कृती ठीक, पण त्याआधीचा प्रश्न कुणी विचारतच नाही: त्या विमानावर उघडा पत्रा होता का आणि कुठे होता?

पी-५१डी मस्टँग घ्या. अमेरिकी लष्कराने १९४४ च्या सुरुवातीपासून नवी विमानं कॅमोफ्लाज न देता पाठवायला सुरुवात केली, तेव्हा मस्टँगचं धड उघड्या ॲल्युमिनियमचं आलं. पंख मात्र तसा नव्हता. त्याच्यावरून हवा गुळगुळीत वाहावी म्हणून कारखान्यात पुढच्या कडेपासून साधारण ४० टक्के रुंदीपर्यंत रिव्हेट आणि सांधे पुट्टीने बुजवून, घासून, प्रायमर देऊन वर ॲल्युमिनियम रंगाचं लॅकर मारलेलं असे. म्हणजे त्या पंखावर झगझगीत झिलई आणि रिव्हेटच्या रांगा दाखवणं हे दोन्ही चूक. पंखाच्या त्या भागातल्या पॅनल लाइन बुजवा आणि एकसारखा, जरा मंद चंदेरी द्या. फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पाळ्या) उघड्या पत्र्याचे. रडर (शेपटीची उभी हलती पाळी) कापडाचं, त्यावर चंदेरी डोप, म्हणजे कापडावर मारायचा लेप. तिथे टॅमिया एक्सएफ-१६ सारखा मॅट ॲल्युमिनियम पुरतो. फक्त एवढं केलंत, तीन पोत वेगळे ठेवलेत, तरी मॉडेल एकदम खरं दिसायला लागतं. पॅनलागणिक शेड बदलत बसायची गरज उरत नाही.

बी-१७ बॉम्बरमध्येही एलेरॉन, एलिव्हेटर, रडर या पंखाच्या आणि शेपटीच्या हलत्या पाळ्यांवर कापड होतं. ब्रिटिश मीटिऑर तर "हाय स्पीड सिल्व्हर" या रंगाने रंगवलेली असायची. तिथे उघड्या पत्र्याची झिलई दिली की चुकलंच. मिग-२१ च्या नाकाचा शंकू आणि शेपटीचं टोक हे रेडिओलहरी आरपार जाव्यात म्हणून धातूचं नसायचं, बहुतेक वेळा हिरवं. तिथे चंदेरी नको.

घासूनपुसून

+१. पॅनलागणिक शेड बदलण्याची जी साथ आलीय तिच्याबद्दल कुणीतरी बोलायलाच हवं होतं. विमान आहे, गोधडी नाही.

पत्रेवाला

गोधडी होऊ नये हे मान्य. पण एकाच शेडचं विमानही खेळण्यासारखं दिसतं. खऱ्या विमानाचे फोटो बघा, शेजारच्या दोन पत्र्यांत फरक दिसतोच.

रिव्हेटमोजणी

दिसतो, पण कशामुळे? दोन्ही पत्रे बहुतेक एकाच मिश्रधातूचे, वर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवलेले. हा थर गंजरोधक म्हणून. प्रत्येक बाजूला पत्र्याच्या जाडीच्या साधारण ५ टक्के. रंगाच्या कंपनीने नाव उचललं ते याच "अल्क्लॅड" पत्र्यावरून. कारखान्यात पत्रा रुळांतून लाटला जातो तेव्हा त्यावर एका दिशेने बारीक रेषा पडतात. एक पत्रा उभा कापून लावला आणि शेजारचा आडवा, की एकाच उजेडात एक उजळ आणि एक काळपट दिसतो. विमानाभोवती चार पावलं चाललात की उलटं दिसतं! म्हणजे फरक रंगाचा कमी, पोताच्या दिशेचा जास्त. रंगाने फरक दाखवला तर तो कुठूनही बघितलं तरी तसाच राहतो, आणि डोळ्याला तेच खटकतं.

खरा रंगाचा फरक तिथेच, जिथे धातूच वेगळा: धुराड्याभोवतीचा स्टेनलेस स्टीलचा पत्रा, तोफांच्या तोंडापाशी लावलेला पत्रा, जेटच्या मागच्या बाजूचे उष्णता सोसणारे पत्रे.

पत्रेवाला

पटलं. मग लॅकरवाल्यांसाठी मधला मार्ग असा. मूळ रंग एअरफ्रेम ॲल्युमिनियम. एकूण पॅनलांपैकी फार तर पाचवा हिस्सा मास्क करायचा, आणि त्यांवर मूळ रंगाच्या नऊ थेंबांत ड्युरॅल्युमिनियमचा किंवा डार्क ॲल्युमिनियमचा एक थेंब घालून एकच हात. मास्क काढल्यावर "फरक पडला का?" असा प्रश्न पडला पाहिजे. लगेच डोळ्यात भरला तर जास्त झालाय.

दिशा दाखवायची असेल तर मास्क तसाच ठेवून, वाळल्यावर १२००० च्या मायक्रोमेशने एकाच दिशेने दोनदा फिरवा. दाब नाही, नुसतं कापडाचं वजन.

अर्धाचमचा

मास्किंग टेप काढताना चंदेरी उचलला जातो. त्याचं काय?

पत्रेवाला

उचलला जातो तो सहसा चंदेरी नाही, खालचा काळा. काळा प्लास्टिकला नीट धरत नाही, कारण घासल्यावर धुतलं नाही किंवा बोटाचं तेल राहिलं. टेपला काळा आणि चंदेरी दोन्ही चिकटून आले असतील तर दोष तयारीचा. फक्त चंदेरी आला असेल तर तो कोरडा बसला होता, म्हणजे वरचीच अंतराची चूक.

टेपचा चिकटपणा आधी मारून घ्या: स्वच्छ काचेवर तीन-चारदा चिकटवून काढा. बरेच जण तळहातावर चिकटवतात. त्याने टेपला तेल लागतं आणि तेच झिलईवर उतरतं. २४ तासांच्या आत मास्किंग नको. काढताना वर खेचू नका, टेप स्वतःवरच दुमडून पृष्ठभागाला जवळजवळ समांतर ओढा. आणि रात्रभर टेप लावून ठेवू नका. रंग मारला, दहा मिनिटं थांबलात, टेप काढली.

कडा ब्लेडने मॉडेलवरच कापायची सवय असेल तर ती इथे सोडा. चंदेरीवर ब्लेडचा पुसट स्पर्शही कायमचा. टेप काचेवर कापून आणायची.

कल्हईकर

आता फॉइल. दोन प्रकार आहेत आणि दोन्हींत गल्लत होते.

पहिला, मागे चिकट थर असलेलं तयार बेअर-मेटल फॉइल. मऊ, अतिशय पातळ, वाकड्या भागावर छान बसतं. दुसरा, स्वयंपाकघरातलं साधं ॲल्युमिनियम फॉइल, मागे मायक्रोस्केलचं फॉइलसाठीचं चिकट द्रावण लावून. दुसऱ्याला वेळ जास्त लागतो, पण दिसायला त्याच्या जवळपास काही जात नाही, कारण तो रंग नाहीच, धातूच आहे. एक गंमत बघा: साधं फॉइल १६ मायक्रॉनच्या आसपास जाड असतं. १/४८ च्या मापात, म्हणजे ४८ पट मोठं धरलं तर, ते ०.७७ मिलिमीटर होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांवर ०.०३२ इंचाचा, म्हणजे ०.८१ मिलिमीटरचा पत्रा सर्रास असायचा. स्केल जाडीसुद्धा फुकटात मिळाली.

कृती. फॉइल काचेवर पसरून कापसाने सरळ करा. मंद बाजूला द्रावण रुंद मऊ ब्रशने, एका दिशेने, शक्य तितकं पातळ. लावल्यावर ते दुधाळ दिसतं. दुधाळपणा जाऊन पारदर्शक झालं की चिकटवायला तयार. घाई केलीत तर आत ओल अडकते आणि नंतर फुगे येतात. पॅनलपेक्षा चारी बाजूंनी ३-४ मिलिमीटर मोठा तुकडा कापा, चिमट्याने ठेवा, मधून कडेकडे कानात घालायच्या कापसाच्या काडीने दाबत जा. मग लाकडी टूथपिकचं टोक तिरपं घासून घेऊन पॅनल लाइनमध्ये फॉइल बसवा. लाइन दिसली की ११ नंबरच्या ब्लेडने, ब्लेड अगदी झोपवून, लाइनच्या आतून कापा. ब्लेड जुनं असेल तर ते फॉइल कापत नाही, ओढतं. तीन-चार पॅनलांनंतर बदलाच.

शेजारचा तुकडा ठेवताना फॉइलच्या लाटण-रेषांची दिशा ९० अंशांनी फिरवा. वर रिव्हेटमोजणी यांनी सांगितलेला उजळ-काळपट खेळ इथे काहीही न रंगवता आपोआप मिळतो.

घासूनपुसून

सपाट भागाचं ठीक. नाक, पंखाच्या मुळाशी असलेला दुहेरी बाक, तिथे सुरकुत्या पडतातच. काय करता?

कल्हईकर

दुहेरी बाकावर एक तुकडा बसणारच नाही, भांडू नका. कलिंगडाच्या फोडींसारख्या अरुंद पट्ट्या लावायच्या, टोकाकडे निमुळत्या, एकमेकींवर अर्धा मिलिमीटर चढलेल्या. दाबून झाल्यावर जोड मायक्रोमेशने घासले की दिसत नाहीत. त्याहून गुंतागुंतीचा भाग असेल तर तेवढा लॅकरने करा. फॉइलचं धड आणि लॅकरचं पंख-मूळ, दोन्ही एकत्र सुखाने नांदतात, फक्त लॅकर आधी आणि फॉइल नंतर.

सुरकुती पडलीच तर ती वाढू देऊ नका. बारीक असताना टूथपिकने तिच्या टोकाकडून मुळाकडे दाबत या. मोठी झाली तर तुकडा काढून टाका. लायटरच्या पेट्रोलने, म्हणजे नॅफ्थाने, चिकटपणा पुसला जातो आणि प्लास्टिकला काही होत नाही.

झगमगाट कमी करायचा असेल तर तुकडे चिकटवण्याआधी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात टाका. अल्क ॲल्युमिनियमला खातं आणि पृष्ठभाग करडा, मंद होतो. दोन मिनिटांनी, पाच मिनिटांनी, दहा मिनिटांनी असे तुकडे काढले की तीन छटा तयार. हवा खेळती ठेवा, हायड्रोजनचे बुडबुडे येतात. जवळ पेटती काडी नको. धुऊन पूर्ण वाळल्याशिवाय द्रावण लावायचं नाही.

आणि एक, फॉइलखाली धुळीचा एक कण राहिला तरी वर पुटकुळी दिसते. लॅकरपेक्षा फॉइल जास्त चहाडखोर आहे.

निळाधूर

वासाचा त्रास नको असणाऱ्यांसाठी: व्हॅलेहो मेटल कलर. पाण्यावर चालणारा, बाटलीतूनच मारता येतो, ०.३ ची सुई, १२-१५ पीएसआय. झिलई उत्तम लॅकरच्या अर्धं पाऊल मागे, पण करड्याकडे झुकत नाही. दोन अटी. खाली त्यांचाच चकचकीत काळा प्रायमर किंवा वर सांगितलेला लॅकरचा काळा. कच्च्या प्लास्टिकवर मारलात तर नखाने निघेल. आणि टेपच्या बाबतीत दुप्पट सावध, दोन दिवस थांबा. सुईच्या टोकावर रंग वाळत राहतो, त्यामुळे दर दोन मिनिटांनी ओल्या ब्रशने टोक पुसा. नाहीतर मधेच एक जाड थेंब उडतो आणि नेमका सगळ्यात चांगल्या जागी पडतो.

एअरब्रश नसेल तर टॅमियाचा एएस-१२ हा चंदेरी स्प्रे कॅन. कॅन कोमट पाण्यात, ४० अंशांच्या आत, पाच मिनिटं ठेवून वापरा. दाब वाढतो, फवारा बारीक होतो. पातेलं गॅसवर असताना त्यात कॅन अजिबात नको, पाणी आधी उतरवून घ्या. अंतर २० ते २५ सेंटिमीटर. हा रंग मुळातच मंद असल्यामुळे त्याला काळा बेस लागत नाही, करडा प्रायमर पुरतो. मस्टँगच्या पंखासाठी तर फारच योग्य.

अर्धाचमचा

शेवटी वार्निश मारायचं की नाही? प्रत्येक ठिकाणी वेगळं वाचायला मिळतं.

पत्रेवाला

शक्य असेल तर नाही. वार्निशने दोन नुकसानं होतात. त्यातला द्रावक वरच्या पापुद्र्यांना सैल करून हलवतो. आणि पापुद्र्यांवर पारदर्शक थर बसला की प्रकाश आधी त्या थरावरून, मग धातूवरून परततो. डोळ्याला तो धातू न वाटता रंगवलेलं प्लास्टिक वाटतो. मॅट वार्निश तर पूर्ण वर्ज्य.

लॅकरवर डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं) थेट बसतात, पृष्ठभाग आधीच गुळगुळीत असतो. फक्त डेकलच्या कडेची पारदर्शक किनार चंदेरीवर ठळक दिसते, म्हणून ती पाण्यात टाकण्याआधीच कापून टाका. डेकल मऊ करणारं द्रावण आधी चमच्यावर तपासा. काही जहाल द्रावणं झिलईवर पाण्याच्या डागासारखं वर्तुळ सोडतात आणि ते जात नाही. लावलंच तर डेकलबाहेर आलेलं लगेच टिपून घ्या.

व्हॅलेहोवर हाताळणी जास्त होणार असेल तर त्यांचं धातूसाठीचं ग्लॉस वार्निश, दोन पातळ हात. फॉइलवर काहीच नको.

रिव्हेटमोजणी

वॉशबद्दल, म्हणजे पॅनल लाइनमध्ये सोडायच्या पातळ रंगाबद्दल. शुद्ध काळा नको. चंदेरीवर काळ्या रेघा कोळशाने काढल्यासारख्या दिसतात. तैलरंगातला रॉ अंबर आणि थोडा काळा, गंधहीन व्हाइट स्पिरिटमध्ये इतका पातळ की ब्रशचं टोक लाइनला टेकवल्यावर तो आपणहून धावत जाईल. लॅकर वाळलेलं असेल तर व्हाइट स्पिरिट त्याला काही करत नाही. इनॅमल जातीच्या चंदेरीवर मात्र हा वॉश नको, तो रंगासकट पुसला जाईल. तिथे पाण्याचा वॉश.

पुसताना कापसाच्या काडीने, हवेच्या वाहण्याच्या दिशेने, पुढून मागे. चुकून थोडं राहिलं तर ते तेलाच्या ओघळासारखं दिसेल. आडवं पुसलं तर नुसती घाण दिसते.

निळाधूर

उष्णतेच्या रंगांत मोठी गल्लत दिसते, म्हणून सांगतो. तापलेल्या स्टीलवर ऑक्साइडचा थर जसा जाड होतो तसा रंग बदलतो: साध्या कार्बन स्टीलवर २३० अंश सेल्सियसच्या आसपास फिकट पिवळा, मग तपकिरी, २८० च्या सुमारास जांभळा, ३०० ला निळा. स्टेनलेसवर हेच रंग जास्त तापमानाला येतात, पण क्रम तोच. म्हणजे निळा सगळ्यात गरम जागी आणि पिवळा सगळ्यात लांब. बरेच जण उलटं करतात.

एफ-१०० सुपर सेबर या जेटचा मागचा भाग यासाठी बघण्यासारखा, तिथे हे रंग पट्ट्यापट्ट्यांनी उतरलेले असतात. करताना टॅमियाचे पारदर्शक रंग: पिवळा, नारिंगी, एक्स-२३ निळा आणि एक्स-१९ स्मोक. एक भाग रंगाला चार भाग थिनर, ८-१० पीएसआय, ३ सेंटिमीटरवरून. आधी पिवळा सगळ्यात रुंद पट्ट्यात, त्यावर नारिंगी आणि स्मोकचं मिश्रण अरुंद, शेवटी निळा सांध्यालगत केसाइतका. जांभळा वेगळा मारावा लागत नाही. निळा तपकिरीवर चढला की तो तयार होतो. पट्टे पत्र्याच्या सांध्याला थांबले पाहिजेत. उष्णता पुढच्या पत्र्यावर गेली तरी तिथला धातू वेगळा, त्यामुळे रंग तसाच पुढे चालू राहत नाही.

घासूनपुसून

शेवटची अडचण. सगळं झालं, आणि धडावर अंगठ्याचा ठसा. पुसून जात नाहीये.

पत्रेवाला

ताजा असेल तर अल्कोहोल नको, लॅकर निस्तेज होऊ शकतं. कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब, मऊ सुती कापड, एकाच दिशेने. दोन दिवस जुना असेल तर घामाने पापुद्र्यांवर डाग धरलाय आणि तो पुसून जाणार नाही.

डागापुरता रंग मारू नका, भोवती कडं दिसेल. पूर्ण पॅनल घ्या. चारी बाजूंच्या लाइनला टेप, बाकीचं विमान कागदाने झाका. ४००० ने पॅनल हलकं घासा, काळ्याचा एक ओला हात, टेप काढून २४ तास, मग पुन्हा टेप लावून चंदेरीचे तीन हात. शेजारच्या पॅनलपेक्षा जरा वेगळं दिसलंच तर वर झालेल्या चर्चेनुसार ते पाचव्या हिश्श्यातलं एक समजायचं.

घासूनपुसून

हा हा. म्हणजे गोधडीचं पहिलं ठिगळ.

निळाधूर

एअरब्रशबद्दल कुणी बोललं नाही. चंदेरीचे पापुद्रे कप धुऊनही सुईच्या मागच्या पॅकिंगपाशी आणि नॉझलच्या आत बसून राहतात, आणि पुढच्या वेळी पांढरा मारताना त्यात चमचमतात. सुई पूर्ण काढून पुसा, नॉझल उघडून लॅकर थिनरमध्ये बुडवून ठेवा, आणि नंतर कपभर थिनर पांढऱ्या टिश्यूवर फवारा. टिश्यू दिव्याखाली तिरपा धरून बघा. एकही ठिपका चमकला तर पुन्हा धुवा. हे सगळं करताना सेंद्रिय वाफांसाठीचा कार्ट्रिज असलेला मास्क लावा. साधा कापडी किंवा धुळीचा मास्क थिनरची वाफ अडवत नाही.